डेबियनचा सभासद व्हायला एवढे सोपस्कार कशाला?

उपाशी_पेंग्विन (धागाकर्ता)

आमच्या टीममध्ये एक पोरगा आहे, मूळचा सांगलीकडचा. दिवसा कंपनीचं काम करतो आणि रात्री डेबियनमधली (स्वयंसेवकांनी चालवलेली, लिनक्सवर आधारलेली मोफत संगणक प्रणाली) रूबी या प्रोग्रामिंग भाषेची काही पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार केलेले प्रोग्रामचे गठ्ठे, सांभाळतो. फुकट. नवीन आवृत्ती आली की पॅच (कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या) नीट बसतात का बघायचं, टेस्ट का फुटल्या ते शोधायचं, बगवाल्यांना उत्तरं द्यायची, असली हमाली. आता त्याला रीतसर डेबियन डेव्हलपर व्हायचंय, म्हणजे प्रकल्पाचा सभासद.

त्यासाठी काय काय लागतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आधीच्या कुणा डेव्हलपरने शिफारस करायची. तुमच्या जीपीजी किल्लीवर (डिजिटल सही करायची किल्ली) जुन्या डेव्हलपरांच्या सह्या हव्यात, आणि ते सही करतात ती सहसा प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र बघून. मग एक ॲप्लिकेशन मॅनेजर नेमला जातो. तो सामाजिक करार (डेबियनची वापरणाऱ्यांना दिलेली वचनं), परवाने, कार्यपद्धती यांवर प्रश्न विचारतो, मग तांत्रिक काम तपासतो. शेवटी अकाउंट मॅनेजर मंडळी निर्णय देतात. सगळे स्वयंसेवक, त्यामुळे महिनोन् महिने सहज जातात.

माझं म्हणणं साधं आहे. काम समोर दिसतंय, कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) समोर आहेत. मग आधार कार्ड घेऊन कुणाच्या तरी गावी का जायचं? १९९३ साली इयन मर्डॉकने हे सुरू केलं तेव्हा मूठभर माणसं होती. आता हजारेक डेव्हलपर आहेत आणि पद्धत अजून ओळखीपाळखीचीच.

रूट_पासवर्ड

अहो, हमाली करणारा आणि तिजोरीची किल्ली असणारा यात फरक नको का?

तुम्ही `एपीटी अपग्रेड`, म्हणजे पॅकेजं अद्ययावत करायची आज्ञा, मारता तेव्हा काय होतं बघा. पॅकेज उघडतं आणि त्यातली `पोस्टइन्स्ट` नावाची स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, चालते. कुणी तुम्हाला विचारत नाही. डेबियन डेव्हलपरची सही असलेलं पॅकेज आर्काइव्हमध्ये जातं, तिथून आधी अनस्टेबल या सगळ्यात ताज्या शाखेत, काही दिवसांनी टेस्टिंग या चाचणीच्या शाखेत, आणि पुढे उबंटूसकट डेबियनवर बेतलेल्या सगळ्या लेकीसुनांकडे. एकदा डेव्हलपर झालात की फक्त आपली रूबीची नाही, जवळपास कुठलंही पॅकेज अपलोड करता येतं. सर्व्हर सांभाळून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला ही चाळणी अजून बारीक असती तरी चाललं असतं.

उपाशी_पेंग्विन

चाळणी बारीक होती तेव्हाच २००८ चं ओपनएसएसएल (गुप्त किल्ल्या बनवणारी लायब्ररी) प्रकरण झालं ना? २००६ मध्ये ते पॅकेज सांभाळणाऱ्या डेबियनच्याच रीतसर माणसाने, मेमरी तपासणारं हत्यार तक्रार करतंय म्हणून, दोन ओळी काढल्या. यादृच्छिक आकड्यांचा झराच आटला. उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामला मिळणारा क्रमांक), म्हणजे एका प्रकारच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्या शक्य. जवळजवळ दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या माणसाची ओळख पटलेली होती, किल्लीवर सह्या होत्या. काय उपयोग झाला?

रूट_पासवर्ड

चूक आणि दगा यांची गल्लत करताय. चुकीला ओळखपत्र औषध नाहीच, त्यासाठी रिव्ह्यू लागतो. पण दगा करणाऱ्याला तोंड दाखवायची वेळ आली की तो दहा वेळा विचार करतो.

कोथरूडकर_३८

तोंड दाखवून काय सिद्ध होतं? जर्मनीतल्या एखाद्या डेव्हलपरला आपलं पॅन कार्ड खरं की प्रिंटरवर काढलेलं, हे कसं कळणार? मी वीस सेकंदात मान डोलावून सही करणारे पाहिलेत.

फेडोरात, म्हणजे लिनक्सच्याच दुसऱ्या प्रणालीत, बघा. पुण्यात २०११ आणि २०१५ ला त्यांची फडकॉन ही परिषद झाली, तिथे भेटलेल्या कितीतरी पोरांनी पुढे पॅकेजिंग सुरू केलं. तिथे स्पॉन्सर, म्हणजे तुमची हमी घेणारा जुना सभासद, तुमचं काम बघतो, दुसऱ्यांच्या पॅकेजांवर तुम्ही दिलेले रिव्ह्यू बघतो आणि गटात घेतो. ओळखपत्राचा संबंध नाही. म्हणून फेडोरा बुडाली का?

रूट_पासवर्ड

बरं, मग एक्सझेड, फाइली दाबून लहान करणारा प्रोग्राम. मार्च २०२४. 'जिया टॅन' नावाच्या कुणीतरी दोन वर्षं इमानेइतबारे काम करून त्या प्रकल्पात जागा मिळवली आणि ५.६.० मध्ये मागचं दार बसवलं. ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियन अनस्टेबलवर एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं खटकलं म्हणून. ते दार डेबियनमध्ये लवकर यावं यासाठी 'हान्स जॅनसेन' नावाने कुणीतरी ५.६.१ तयार करून 'कुणी स्पॉन्सर व्हा', म्हणजे माझ्या वतीने अपलोड करा, अशी विनंतीही टाकली होती. म्हणजे बघा, त्याला विनंती *करावी* लागली. सभासद असता तर स्वतःच अपलोड करून मोकळा झाला असता.

'काम दिसतंय ना, मग घ्या आत' हा तुमचाच निकष. जिया टॅनचंही काम दिसतच होतं.

उपाशी_पेंग्विन

अर्धीच गोष्ट सांगितलीत. ५.६.१ डेबियनमध्ये गेलंच, आणि रीतसर डेव्हलपरच्या सहीनेच गेलं. त्याचा काही दोष नाही, मूळ प्रकल्पाकडून आलेला टारबॉलच (कोडचा गठ्ठा) सडका होता. पण मग तुमच्या दाराने अडवलं काय? ज्या खोट्या नावामागे एखादी सरकारी यंत्रणा असेल, तिला खोटा पासपोर्ट जड आहे का? जड कुणाला आहे, तर सांगलीच्या पोराला.

कोथरूडकर_३८

+१. नेमकं.

शेवटचा_बाक

एवढ्या चर्चेत कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. यातल्या निम्म्यांना लिंक्डइनवर लावायला ते debian डॉट org चा ईमेल पत्ता पाहिजे असतो. चालू द्या.

ओवी_आणि_आज्ञावली

शेवटचा_बाक, असेना का. फुकट राबणाऱ्याला एक पत्ता मिळाला तर तुमच्या पोटात का दुखावं?

मला वेगळंच म्हणायचंय. इथे सगळे अपलोडवर भांडताय. मी भाषांतर करते, मराठीत. इन्स्टॉलरमधलं एक वाक्य डिस्क पुसण्याची सूचना देतं. ते भाषांतर संदिग्ध झालं तर माणसाचा सगळा डेटा गेला समजा. हे जबाबदारीचं काम नाही? २०१० मध्ये डेबियनने मतदान घेऊन ठरवलं की पॅकेजिंग न करणाऱ्यांनाही सभासद करून घ्यायचं. त्यांना अपलोडचा हक्क नसतो, मताचा असतो. हा माझ्या मते त्यांनी केलेला सगळ्यात शहाणा ठराव. पण आपल्याकडच्या किती जणांना तो माहीत आहे? 'आम्हाला कोड येत नाही' म्हणत बाहेरच उभे राहतात. तेव्हा सोपस्कारांपेक्षा माझी तक्रार ही आहे, की बोलावणं फक्त कोडवाल्यांनाच पोचतं.

लिंटियन_पीडित

मी या प्रक्रियेतून गेलोय, तेव्हा थोडं लांबण लावतो.

परीक्षा म्हणून ज्याची भीती घालतात तो भाग मला सगळ्यात आवडला. प्रश्न असा येतो: एका प्रोग्रामच्या परवान्यात 'फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी' असं लिहिलंय, तो डेबियनच्या मुख्य, म्हणजे फक्त मुक्त सॉफ्टवेअरच्या, विभागात जाईल का? मी 'नाही' लिहून मोकळा झालो. उत्तर परत आलं: का नाही, ते तुमच्या शब्दांत सांगा. मग मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याची डेबियनची मार्गदर्शक तत्त्वं उघडून बसलो. सहावं तत्त्व: कुठल्याही कार्यक्षेत्राशी भेदभाव नको. धंदा हेही कार्यक्षेत्रच. मग पुढचा प्रश्न, त्यावर आणखी एक. ऑफिसात मला इतक्या चिकाटीने कुणी कधी शिकवलं नाही.

आणि हे पुस्तकी नाही. प्रत्येक पॅकेजात `डेबियन/कॉपीराइट` ही फाइल असते. कुठली फाइल कुणाची, कुठल्या परवान्याखाली, सगळं त्यात लिहायचं. एकदा एका निरुपद्रवी दिसणाऱ्या लायब्ररीच्या पोटात कुणीतरी कोंबलेला, परवानाच नसलेला एक फॉन्ट निघाला. नवीन पॅकेजांच्या रांगेतून ते परत आलं, आणि योग्यच झालं.

सहीबाबत मात्र धागाकर्त्याच्या बाजूने. बर्लिनच्या माणसाला हे चहा पिता पिता जमतं. आपल्याकडे डेव्हलपर मोजके, विखुरलेले. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबकॉन्फ, डेबियनची वार्षिक परिषद, कोचीला झाली तेव्हा एका फेरीत कितीतरी सह्या मिळाल्या असतील. पण ती दर वर्षी काही कोकण रेल्वेच्या टप्प्यात येत नाही.

त्या पोराला सांगा, आधी डेबियन मेंटेनर हो. २००७ पासून ही मधली पायरी आहे. ठरवून दिलेल्या पॅकेजांपुरता अपलोडचा हक्क मिळतो, पूर्ण मुलाखत लागत नाही. सही सहसा तिथेही लागते.

उपाशी_पेंग्विन

मधली पायरी चांगली आहे, पण तिला मत नाही. आणि मत हाच तर मुद्दा आहे. २०२२ मध्ये इन्स्टॉलरमध्ये बिगर-मुक्त फर्मवेअर (वायफायसारखं हार्डवेअर चालवणारं, कंपन्यांचं बंदिस्त सॉफ्टवेअर) ठेवायचं की नाही यावर मतदान झालं. त्यामुळेच आज आपल्या स्वस्तातल्या लॅपटॉपचं वायफाय पहिल्या झटक्यात चालतं. असल्या गोष्टी ठरवणार सभासद. प्रकल्पाचा नेता दर वर्षी निवडणार सभासद. केरळच्या श्रुती चंद्रन त्या निवडणुकीला एकाहून अधिक वेळा उभ्या राहिल्या, तेव्हा मत देणारे भारतीय किती होते? सोसायटीत वर्षानुवर्षं राहणारा भाडेकरू जिना झाडतो आणि सर्वसाधारण सभेत मात्र त्याला बसू देत नाहीत, तसं चाललंय.

रूट_पासवर्ड

मताबद्दल माझी हरकत नाही. ओवीताईंनी सांगितलेला मार्ग आहे, त्याने द्या मत. अपलोडच्या हक्काला मात्र भेट हवी, ओळख हवी. एका भेटीने हेर अडणार नाही हे मान्य, पण म्हणून दाराला कडीच नको, हे काही मला पटत नाही.

कोथरूडकर_३८

कडी असू दे हो, पण ती कामाची लावा. दोन जणांनी तपासल्याशिवाय कुठलंही अपलोड पुढे जाणार नाही असा नियम करा. मग कोण कुठला हे विचारायची गरजच राहत नाही.

लिंटियन_पीडित

दोन जण आणणार कुठून? कित्येक पॅकेजांना एकच माणूस आहे, काहींना तर तोही नाही.

धागाकर्ते, तो पोरगा पुण्यातच असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या महिन्यात मी येतोय. किल्लीचा फिंगरप्रिंट (किल्ली ओळखायचा अक्षर-आकड्यांचा क्रम) कागदावर छापून आणायला सांगा, मोबाइलवर दाखवलेला मी घेत नाही.

शेवटचा_बाक

बघा, आलीच की ओळखपाळख कामाला.