पेसांत्रेनमध्ये धर्मग्रंथ इंग्रजीतून शिकवावेत का?

समासटीप: इंडोनेशियातल्या पेसांत्रेनांत, म्हणजे निवासी इस्लामी शाळांत, फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मनियमांचे शास्त्र, इंग्रजीतून शिकवावे या मागणीला माझा विरोध आहे. जावातल्या जुन्या पद्धतीत कियाई (शाळेचे धर्मगुरू) अरबी ओळ वाचतात आणि सांत्री (विद्यार्थी) प्रत्येक शब्दाखाली पेगोन लिपीत, म्हणजे अरबी अक्षरांत, जावानीज अर्थ तिरका लिहून घेतात. त्यात व्याकरणही येते: उद्देश्याला 'उतावी', विधेयाला 'इकु', कर्ता माणूस असेल तर 'सोपो', वस्तू असेल तर 'ओपो', कर्माला 'इंग'. किताब कुनिंगमध्ये, म्हणजे या शाळांतल्या जुन्या अरबी धर्मग्रंथांत, स्वरचिन्हे नसतात. शब्दाचा शेवट 'उ' की 'अ', हे या खुणांवरूनच कळते. इंग्रजीत सांगितले की आजचा धडा समजतो, पण पुढचे पान स्वतःहून वाचता येत नाही.

दोनतीर: खुणा कुठल्या भाषेच्या पोटातून येत नाहीत, ठरवाव्या लागतात. इंडोनेशियन अर्थ लिहिणारे 'उतावी'च्या जागी 'आदापुन' वापरतातच की! शिवाय उद्देश्यावर 'मीम', विधेयावर 'खा', कर्त्यावर 'फा' ही अरबी अक्षरे लिहितात, ती अर्थ कुठल्याही भाषेत असला तरी चालतात. सुमात्राच्या मुलाला जावानीजही परकीच. आणि 1926 मध्ये स्थापन झालेले गोंतोरचे पेसांत्रेन विसरलात? मक्केच्या परिषदेला अरबी आणि इंग्रजी दोन्ही जाणणारा एक माणूस मिळेना म्हणून दोघे पाठवावे लागले, त्यातून ही शाळा सुचली असे तिथे सांगतात.

समासटीप: 'मीम-खा'चा मुद्दा मान्य. गोंतोरचा दाखला मात्र तुमच्यावरच उलटतो. तिथे इंग्रजी बोलण्याची सक्ती आहे, मुहादारात (भाषणांच्या सरावसभेत) इंग्रजी भाषणे होतात. धर्मविषय मात्र अरबीतून.

कोरापान: दोघेही परिभाषेबद्दल गप्प! 'फतहुल करीब' या फिक्हच्या ग्रंथातला शुद्धीचा अध्याय घ्या. पाऊस, समुद्र, नदी, विहीर, झरा, बर्फ, गारा ही सात पाणी इंग्रजीत सहज सांगता येतात. अडते पुढे. वुजूत (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्यात) एकदा वापरलेले थोडे पाणी शाफिई या फिक्हपंथाच्या मतानुसार ताहिर असते, ताहूर नसते: स्वतः शुद्ध, पण त्याने पुन्हा वुजू होत नाही. इंग्रजीत दोन्हीला 'प्युअर' म्हटले की मुलगा खुशाल त्याच पाण्याने वुजू करणार. म्हणून संज्ञा अरबीच ठेवा. आधी सोरोगानात (एकेकाला समोर बसवून घेतलेल्या वाचनात) मुलाकडून ओळ इराबसकट, म्हणजे शब्दांच्या शेवटच्या स्वरांसकट, वाचून घ्या, मगच चर्चा इंग्रजीत.

दोनतीर: चालेल. पण परीक्षा कशाची घेणार? इंग्रजी उत्तराला गुण दिलेत तर मुले भाषांतर पाठ करून येतील.

कोरापान: न शिकवलेले अर्धे पान, स्वरचिन्हांविना, मोठ्याने वाचायला द्यायचे. ते जमले तरच इंग्रजीतला प्रश्न.

समासटीप: आणि तो प्रश्न विचारणार कोण? इंग्रजीच्या शिक्षकाला इराब येत नाही, उस्तादांना इंग्रजी. दोघांना एका वर्गात बसवायची तयारी किती कियाईंची आहे?