पोलिसांच्या रेडिओवरचे टेन-कोड: आता बंद करायला हवेत का?

बिनतारी:
अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पोलीस रेडिओवर आजही आकड्यांतच बोलतात. '१०-४', म्हणजे 'टेन-फोर', म्हणजे 'निरोप मिळाला', हे तर सर्वांना ठाऊक आहे. माझं मत स्पष्ट आहे: हे कोड बंद करा.

१९३७ च्या सुमारास इलिनॉय राज्य पोलिसांतल्या चार्ल्स हॉपर यांनी ते बसवले, तेव्हा कारण खणखणीत होतं. चॅनेल मोजके. गाडीतला ट्रान्समीटर मोटर-जनरेटरवर चालायचा आणि बटण दाबल्यावर त्याला वेग घ्यायला क्षणभर लागायचा. तेवढ्यात पहिला शब्द गिळला जायचा. म्हणून आधी 'टेन' म्हणायचं. तो गेला तरी पुढचा आकडा शाबूत पोचायचा. ती यंत्रं कधीच गेली. आकडे मात्र राहिले आणि प्रत्येक खात्याने त्यांना आपापले अर्थ चिकटवले. न्यूयॉर्कमध्ये १०-१३ म्हणजे पोलीस संकटात आहे, तातडीने मदत पाठवा. दुसरीकडे त्याच आकड्याने हवामान आणि रस्त्याची स्थिती विचारतात! शेजारच्या खात्याची कुमक आली, की कोणाला काय समजेल?

निशाचर:
साफ असहमत. एकाच चॅनेलवर दहा गाड्या बोलत असतात, तिथे प्रत्येक सेकंद मोलाचा असतो. साध्या भाषेत माणूस पाल्हाळ लावतो. आणि दुसरी गोष्ट तुम्ही सोडूनच दिलीत. पोलिसाने रस्त्यात गाडी अडवलीय, चालक हातभर अंतरावर आहे आणि खांद्यावरच्या स्पीकरमधून मोठ्याने ऐकू येतं, 'याच्यावर वॉरंट आहे, हत्यार असू शकतं.' पुढे काय होईल?

बिनतारी:
पण कोडच्या याद्या कोणालाही मिळतात. सराईत गुन्हेगाराला ते पाठ असतात. गुप्तता हवी तर रेडिओ एन्क्रिप्ट करा, म्हणजे बाहेरच्याला संदेश उलगडणारच नाही.

निशाचर:
एन्क्रिप्शन हवेतल्या लहरींपुरतं. स्पीकरमधून आवाज उघडाच बाहेर येतो, आणि धोका असतो तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून.

लांबपल्ला:
दोघांनाही एक विचारतो. आकडे गेले की घोळ मिटला, हे कशावरून? २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. 'आम्ही आता टेक-ऑफवर आहोत' असं वैमानिकाकडून गेलं. कंट्रोलरला वाटलं विमान उभं आहे, प्रत्यक्षात ते धावत सुटलं होतं. त्यात एकही आकडा नव्हता. कारणं इतरही होती, पण त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा असं ठरलं. म्हणजे हवेत ते ठरलेले शब्द. मोकळ्या गप्पा नव्हेत.

बिनतारी:
हे शंभर टक्के मान्य. कॅलिफोर्नियातल्या अग्निशमन दलांनी १९७० च्या भीषण वणव्यांनंतर हाच रस्ता धरला: सगळ्या दलांची एकच शब्दावली. कतरिना वादळानंतर २००६ पासून केंद्रीय अनुदानासाठीही अट आली, की अनेक खाती एकत्र असतील तिथे साधी भाषाच वापरायची.

निशाचर:
अनेक खाती असतील तिथे! खात्याच्या रोजच्या कामात कोड वापरायला त्यात बंदी नाही. मग त्यांच्यावर गदा कशाला?

बिनतारी:
कारण घाबरलेला माणूस रोजच्या सवयीचंच बोलतो. वर्षभर १०-१३ म्हणणारा पोलीस गोळीबार सुरू झाल्यावर, पलीकडे कोण ऐकतंय याचा विचार करत बसेल का? सवय एकच हवी, आणि ती सर्वांना कळणाऱ्या शब्दांची.

लांबपल्ला:
सवयीचा मुद्दा मला पटला. निशाचर, यावर काय म्हणणं?

निशाचर:
अपघात, वाहतूक, 'जेवायला जातोय' असले आकडे खुशाल काढा, त्यासाठी मी भांडणार नाही. पण दोन संकेत राहायलाच हवेत: एक वॉरंटचा आणि दुसरा 'मी अडकलोय, उघड बोलता येत नाही' याचा. डोक्याला पिस्तूल लावलेल्या पोलिसाने साध्या भाषेत मदत कशी मागायची, याचं उत्तर बिनतारींनी अजून दिलेलं नाही.