तिबोटी खंड्याचं बीळ आणि गणपतीआधीचा जेसीबी

पऱ्याकाठचा (चिपळूण तालुका):
मंडळी, घाईचा प्रश्न आहे. वाडीत उतरणाऱ्या रस्त्याकडेला पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, आहे. तिथल्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्याचं बीळ सापडलंय, जेमतेम दोन बोटं जातील एवढं. आठ दिवस समोरच्या जांभळीखाली छत्री घेऊन बसतोय. चिमणीपेक्षा लहान पाखरू, जांभळट निळी पाठ, पिवळं पोट, शेंदरी चोच. आज पाल आणली, फांदीवर दोनदा आपटली आणि सरळ आत. सोमवारी दरड तासायला जेसीबी येतोय. चाकरमान्यांच्या गाड्या दारापर्यंत यायला हव्यात, तेही खरंच. बीळ हलवता येतं का? पिल्लं किती दिवसांत उडतात?

रानवाट:
दादा, बीळ हलवता येत नाही. आत हातभर बोगदा असतो, उकरला की संपलं. पालीचं डोकं चोचीबाहेर होतं का? तसं असेल तर घास पिल्लांचा. अंड्यातून निघाल्यावर साधारण वीस दिवसांत उडतात. तेवढी मुदत मागा.

देवराईकर:
वनविभागाच्या १९२६ वर आजच फोन करा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ घरट्यालाही लागू होतो. पण आधी वाडीतल्या जाणत्यांशी बोला, कायदा नंतर काढा. आणि जागा कुणाला सांगू नका. फोटोवाले आडव्या फांद्या तोडतात, बिळासमोरच ठाण मांडतात. तासभर पाखरू आत जात नाही, पिल्लं उपाशी.

पऱ्याकाठचा:
डोकं बाहेरच होतं! काल वाडीतल्या जाणत्या तात्यांना जांभळीखाली आणून बसवलं. अर्ध्या तासात तीन फेऱ्या झाल्या, एकदा खेकडा आणला. तात्या म्हणाले, "लहानपणी सगळ्या पऱ्याला दिसायचा हा." रस्ता आता वरच्या अंगाने वाढवणार, दरडीला हात नाही. पण दिवाळीनंतर पऱ्याला दोन्ही बाजूंनी दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, करायचं ठरतंय. खालच्या वाडीत केलं, करंज-उंबर तोडले, तिथे यंदा एकही जोडी नाही. पावसाबरोबर येणारं पाखरू पुढच्या जूनमध्ये बीळ कोरणार कुठे? मला ही चाळीस फूट कच्ची दरड आणि वरची सावली तशीच ठेवायची आहे. ग्रामसभेत मांडायला अर्ज कसा लिहू, कुणी मसुदा देईल का?

रानवाट:
आज रात्री पाठवतो. दरडीचा फोटो काढून ठेवा, बीळ दिसणार नाही असा.