मदत हवी आहे: खुबानी का मीठा घरी केलं की गोडमिट्टच होऊ लागलंय

तिखटजाळ (परभणी)
संभाजीनगरला हॉटेलात जेवणानंतर खुबानी का मीठा (सुक्या जर्दाळूचं हैदराबादी गोड) आलं. बाबा गोडाला हात लावत नाहीत, त्यांनी वाटी पुसून खाल्ली, वर दुसरी मागवली. आंबटसर, गडद, वर पांढरं सायीसारखं आणि बदामासारखं काहीतरी होतं. घरी दोनदा केलं, दोन्हीदा गोडमिट्ट. दुसऱ्यांदा साखर निम्मी केली तर पाणचट झालं आणि गोड ते गोडच! रविवारी त्यांचा वाढदिवस आहे, म्हणजे हातात दोनच दिवस. काय चुकायलंय? लिंका देऊ नका, सगळ्या बघून झाल्यात.

काळीमाती
निम्मी म्हणजे कशाच्या निम्मी? जर्दाळू कोणते? किती तास भिजवले?

तिखटजाळ
पाव किलोला आधी एक वाटी साखर, मग अर्धी. जर्दाळू साधेच, दुकानात मिळतात ते. रात्रभर भिजवले. पुढं?

काळीमाती
ताई, "साधे" जर्दाळू नसतात. एक तपकिरी, बारके, सुरकुतलेले, आत बी असलेले. दुकानदार त्यांना काबुली म्हणतो, लडाखचेही तसेच दिसतात. दुसरे मोठे, मऊ, नारंगी, बिनबियांचे, बहुतेक तुर्कीचे. त्यांना गंधकाची प्रक्रिया केलेली असते, पाकिटावर आयएनएस २२० लिहिलेलं सापडेल. त्यामुळंच रंग नारंगी राहतो. तुमचे कुठले?

तिखटजाळ
नारंगी. बी नव्हती.

काळीमाती
मग गडद रंग येणारच नाही, कितीही आटवा.

निरोगीकट्टा
साखर हवीच कशाला? आठ-दहा खजूर वाटून घाला. नैसर्गिक गोडवा, शून्य साखर.

काळीमाती
खजुरात जर्दाळूपेक्षा जास्त साखर असते हो. गोड कमी करायचं म्हणून खजूर घालणं म्हणजे आगीवर तूप.

निरोगीकट्टा
पण फायबर असतं!

शहागंज_चौक
फायबर बाबांना विचारा. ताई, हे घ्या.

सुक्या जर्दाळूच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर आधीच असते. त्यावर वाटीभर साखर म्हणजे मुरंबा. बियांचं वजन धरून तपकिरी जर्दाळू ३०० ग्रॅम घ्या. दोन पाण्यांनी धुवा, सुरकुत्यांत माती असते. मग ६०० मिली पाण्यात ८ ते १० तास भिजवा. हे पाणी टाकू नका, आंबटपणा आणि रंग त्यातच उतरलेला असतो. बिया काढून गर त्याच पाण्यात रुंद पातेल्यात मंद आचेवर शिजवा, ३० ते ३५ मिनिटं. झाकण नको. अर्धा गर पळीनं मोडा, अर्धा अख्खा राहू द्या. मिक्सर लावला की जॅम होतो.

साखर शेवटच्या १० मिनिटांत: सपाट ३ मोठे चमचे, ४० ग्रॅमच्या आसपास. आधी घातली तर फळ आखडतं, गर सुटत नाही, मग माणूस पाणी वाढवत बसतो. दाटपणा गर आटवून आणायचा, पाकानं नाही. तुमचं पाणचट झालं ते इथंच: साखर कमी केली, पाक पातळ झाला, आटवणं मात्र तेवढंच ठेवलं असणार. पळीच्या पाठीवर बोटानं रेघ ओढा. रेघ मोडली नाही की गॅस बंद. गार झाल्यावर अजून घट्ट होतं, म्हणून किंचित सैल असतानाच उतरवा. खाली उतरवून १ चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ.

आणि फ्रिजमध्ये ४ तास. गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. गरम असताना चाखून साखर ठरवलीत तर अंदाज चुकतो.

मु_पो_उदगीर
कुकरला दोन शिट्ट्या काढा, ३५ मिनिटं कोण उभं राहतंय.

शहागंज_चौक
कुकरमध्ये पाणी आटत नाही. गर लगदा होतो आणि पाणी तसंच. शेवटी उभं राहावंच लागतं.

मु_पो_उदगीर
तरी निम्मा वेळ वाचतो. आटवायचं नंतर.

अन्नपूर्णा_लातूर
एवढ्या खटाटोपापेक्षा कॅरॅमल कस्टर्ड करा, गोड न आवडणाऱ्यांना तेच चालतं. ८० ग्रॅम साखर कोरड्या भांड्यात तांबडीभडक होईपर्यंत, धूर दिसायला लागला की लगेच उतरवायची. हा कडवटपणाच गोडाला मारतो. सोनेरीवर थांबलात तर नुसता पाक. दूध अर्धा लिटर, अंडी ४, साखर ५० ग्रॅम, गाळून ओतायचं. झाकणाखाली फडकं बांधून मंद वाफेवर अर्धा तास. आच मोठी झाली की आत जाळी पडते.

तिखटजाळ
बाबा अंडं खात नाहीत.

अन्नपूर्णा_लातूर
हे आधी सांगायचं ना!

गोदाकाठ
डबल का मीठा पण बघा, हैदराबादी जेवणात तेपण असतंय. ब्रेड तुपात तळायचा, म्हणजे आपला शाही टुकडाच.

शहागंज_चौक
शाही टुकडा नव्हे. शाही टुकड्यात काप अख्खे राहतात, वर रबडी. डबलमध्ये ब्रेड दूध-पाकात मुरून मऊ पडतो. "डबल" म्हणजे डबल रोटी, दुप्पट गोड नव्हे. अर्थात खाल्ल्यावर तसंच वाटतं, त्यामुळं या धाग्यावर त्याचं काम नाही.

गोदाकाठ
बरं बाबा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो, म्हणून म्हटलं.

बालाघाट_बीड
सीताफळ मिळत असेल तर रबडी करा. फक्त गर गरम दुधात घालू नका, कडू होतो. दूध निम्मं आटवा, पूर्ण गार करा, मग गर. साखर लागतच नाही.

काळीमाती
ताईंनी जर्दाळू विचारलेत, सीताफळ नाही.

ताई, एक राहिलं. घरी वर काय घातलं होतं?

तिखटजाळ
क्रीम. केकवाल्याकडून आणली, फेटून.

काळीमाती
हं, तिथंच घोळ आहे. केकची व्हिपिंग क्रीम बहुतेक वनस्पती तेलाची असते आणि तिच्यात साखर आधीच असते. तुम्ही खालून साखर निम्मी केली अन् वरून परत घातली. घरच्या दुधाची साय घ्या, बिनसाखरेची, थोड्या गार दुधात हलकी फेटून. डब्यातली अमूल फ्रेश क्रीम चालेल, पण ती २५ टक्के स्निग्धांशाची, फुगत नाही. नुसती ओता. दोन्ही गार पाहिजेत; गरम आंबट गरावर साय पडली तर फाटते.

तिखटजाळ
अच्छा!! आणि ते बदामासारखं?

शहागंज_चौक
बीच्या आतला गर. बी उभी धरून खलबत्त्यात फोडा, गर १० मिनिटं गरम पाण्यात ठेवला की साल सुटते. आधी एक किंचित चावून बघा. गोड असेल तर वापरा, कडू लागला तर थुंका आणि सगळेच फेकून द्या. कडू गरात अमिग्डालिन असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. ही गंमत नाही. चव बघायची नसेल तर सोललेले बदाम लावा, कुणाला कळणार नाही.

तिखटजाळ
तपकिरी जर्दाळू परभणीत मिळतील का? नाही मिळाले तर नारंगीचं काय करू?

मु_पो_उदगीर
मोठ्या सुक्यामेव्याच्या दुकानात "बीवाले" म्हणून मागा. नुसतं जर्दाळू म्हटलं की नारंगी पाकीट पुढं करतात.

शहागंज_चौक
नारंगीच वापरावे लागले तर पाव किलो पुरेत, भिजवायला ४ तास बास. पहिली ५ मिनिटं उघडंच खळखळ उकळा, गंधकाचा वास जातो. घरात कुणाला दमा असेल तर टाळा. ते मुळात आंबट असतात, लिंबू नको. साखर २ चमच्यांवर थांबा. रंग फिका राहील, चव जमेल.

काळीमाती
माणसं किती?

तिखटजाळ
बारा.

काळीमाती
मग ३०० ग्रॅमनं भागणार नाही, त्यात सहा लहान वाट्या होतात. ६०० घ्या, पण पाणी दुप्पट नको. एक लिटर पुरे, नाहीतर तासभर आटवत बसाल. शनिवारी सकाळी भिजवा, संध्याकाळी शिजवा, रात्री फ्रिज. साय मात्र वाढतानाच.