आरसी पाणबुडी शेततळ्यात नाक खुपसून बसते, सिग्नल जातो अन् नळीत पाणी पण येतं

सेलूचा खटपट्या:
राम राम मंडळी. आरसी (रिमोटवर चालणारी) विमानं, गाड्या आधी बनवल्यात, पाणबुडी पहिल्यांदाच करायलो. रेव्हेलचं १:७२ चं जर्मन टाइप सात-सी यू-बोटचं किट आहे, जोडली की ९३ सेंटीमीटर भरते. हे किट शोकेसमधी ठेवायचं, त्यात मोटार किंवा सर्व्हो (सुकाणू हलवायची छोटी मोटार) काही येत नाही, आतलं सगळं मीच बसवलं. ६३ एमएमची ॲक्रिलिक नळी, दोन्ही टोकाला लेथवर करून घेतलेली झाकणं अन् त्यावर ओ-रिंग, मागच्या झाकणातून दोन पंख्यांचे दोन शाफ्ट अन् सुकाणूच्या, डायव्ह प्लेनच्या (बोट खाली-वर वळवणारे आडवे पंख) तारा. बॅलास्टला मेडिकलमधून १०० मिलीची सिरिंज आणली, तिचा दट्ट्या गिअर मोटार अन् आट्याच्या रॉडनं मागंपुढं होतो. पाणी ओढलं की बुडायची, सोडलं की वर यायची, असा हिशोब.

परवा दुपारी मामाच्या शेततळ्यात सोडली. वरवर मस्त पळाली, पोरं नाचायली. सिरिंज भरायला लागली तशी शेपूट वर अन् नाक खाली, दीड-दोन फुटावर गेली की रिमोटला दादच देईना, सरळ तळाच्या गाळात जाऊन उभी राहिली. विहिरीतली बादली काढायचा गळ असतो ना तो मामाकडं होता, त्याच्या आकड्यांना चिंध्या गुंडाळून पाऊण तास चाचपडलो तेव्हा हाती लागली, डेकचं रेलिंग गेलं. उघडून बघतो तर नळीत चमचाभर पाणी. आता मला कळंना की आदल्या रात्री हीच नळी घरी बादलीत दगड ठेवून रात्रभर बुडवली होती, थेंब आला नव्हता, मग शेततळ्यातच कामून आलं? रेडिओ २.४ गीगाहर्ट्झचा सहा चॅनलवाला आहे. कोणी केली असेल तर सांगा. मामा म्हणतो हे विकून टाक अन् खरी पाणबुडी घे, बोअरला लागायलीच आहे.

उन्हाळी भुईमूग:
२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं अन् तुम्ही तीन मीटर शेततळ्यात पाणबुड्या बुडवायलात. चालू द्या, मजा यायली वाचायला. फोटो टाका.

वाइंडिंगवाले काका:
शीर्षक वाचून मला वाटलं पाणबुडी मोटार गाळात बसली कुणाची, म्हणून धागा उघडला. मॉडेलचं मला काही कळत नाही पण पाण्यात मोटार कोरडी ठेवायचा धंदा तीस वर्षं केला, म्हणून लिहायलो.

एक सांग बाळा, नळी बंद कुठं केलीस? उन्हात ना? गरम भाताचा डबा घट्ट झाकण लावून ठेवला की भात थंड झाल्यावर ते झाकण निघता निघत नाही, आतली हवा आकसते अन् झाकण ओढून धरते. तुझ्या नळीचं तेच झालं असणार. पत्र्याखाली तापलेली नळी गार पाण्यात टाकली, ती आतून ओढायला लागली, अन् जिथं शाफ्ट फिरतो तिथून पाणी प्यायली. बादलीत रात्री ठेवलीस तेव्हा नळी पण गार अन् पाणी पण गार, शाफ्ट पण बंद, मग येणार कुठून.

शाफ्टला काय लावलंय ते लिहिलंच नाहीस. नुसतं बुश असेल तर ते पाणी धरणार नाही. पितळी नळीत शाफ्ट घाल, मधली पोकळी ग्रीसनं ठासून भर अन् टोकाला लहान ऑईल सील बसव, ओठ पाण्याकडं. सुकाणूच्या तारांना रबरी बेलो. ओ-रिंगला बोटावर सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरव, थापायचं नाही, अन् खाचेत एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी गळती पक्की. ॲक्रिलिक थिनरनं पुसू नको, बारीक चिरा पडतात, त्या आधी दिसत पण नाहीत.

अजून एक. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं, पाय घसरला की पोहणाऱ्याला पण बाहेर यायला जमत नाही. तो गळ घेऊन एकटा काठावर वाकू नको. दोरी बांधलेली फुगवलेली ट्यूब जवळ ठेव अन् पोरांना लांब बसव. बोट गेली तर गेली.

नाथसागर:
काकांनी बरोबर पकडलं. आकडा घालून सांगतो, ४५ डिग्रीची हवा २७ वर आली की दाब जवळपास पावणेसहा टक्के कमी होतो, म्हणजे अर्ध्या मीटरपेक्षा जास्त खोल बुडवल्यासारखंच, अन् ते सुद्धा वर तरंगत असताना. उलट तुझी सिरिंज पाणी आत घेते तेव्हा दट्ट्याच्या मागची हवा नळीतच दाबली जाते. नळीत मोकळी जागा ७०० मिली धरली अन् १०० मिली पाणी आत आलं तर आतला दाब १६-१७ टक्के वाढतो. म्हणून पाणी नुसतं तळाला गेल्यावर आलेलं नाही, वर पोरं नाचत होती तेव्हाच यायला लागलं असणार. उपाय सोपा, मेडिकलमधून सलाईनच्या नळीचा थ्री-वे (छोटा कॉक) आण, झाकणात बसव, बोट पाण्यावर दहा मिनिटं तो उघडा ठेवून गार होऊ दे (तोंड पाण्याच्या वर पाहिजे हां) अन् मग बंद कर. त्याच थ्री-वेला रिकामी सिरिंज लावून हवा ओढून ठेवायची, दट्ट्या तासाभरात सरकला तर कुठंतरी गळतंय. हे शाफ्ट फिरवून पण करून बघ.

आता नाक. रेडिओ बाजूला ठेव, जनावरांच्या हौदात ट्रिम कर, म्हणजे वजनाचा तोल साध. सिरिंज बोटीच्या बरोबर मध्यात, वजनाच्या केंद्रावर आहे का? पुढं असेल तर भरताना नाक जाणारच. दुसरं म्हणजे बाहेरच्या खोळीत पाणी मोकळं शिरलं पाहिजे अन् हवा मोकळी निघाली पाहिजे. हातानं बोट पाण्याखाली धरून डोलव, शेपटीतून बुडबुडे आले तर तिथं हवा अडकते अन् तीच शेपूट उचलते. डेकच्या सगळ्यात उंच जागी भोकं पाड. माझ्या पहिल्या बोटीला मी दोन महिने शिसं इकडून तिकडं चिकटवत होतो अन् निघालं काय, तर डेकखाली लिंबाएवढी हवा!

शिसं सगळं तळाला कण्यावर, फोम पाण्याच्या रेषेच्या आसपास. टायरवाल्याकडं व्हील बॅलन्सिंगच्या ५-१० ग्रॅमच्या चिकटपट्ट्या मिळतात त्या बेस्ट. थर्माकोल घालू नको, दाबानं चेंगरतो अन् हळूहळू पाणी धरतो, मग खोल गेली की अजून जड होते अन् अजून खोल जाते. बंद कण्यांचा कडक निळा फोम घे. सिरिंज रिकामी असताना खऱ्या बोटीसारखी रेषेवर तरंगली पाहिजे, भरल्यावर कोनिंग टॉवरचा (डेकवरच्या बुरजाचा) शेंडा तेवढा वर राहिला पाहिजे. शेवटचे १०-१५ ग्रॅम तिला तरंगतीच ठेव, पाण्याखाली पळताना डायव्ह प्लेननं दाबायचं, मोटार बंद पडली की आपोआप वर.

१०० मिली पुरतं का ते पण बघ. खरी बोट वर असताना ७६९ टन अन् बुडाल्यावर ८७१, फरक १०२ टन, त्याला ७२ चा घन म्हणजे ३,७३,२४८ नं भाग, २७३ मिली येतात. घाबरू नको, आपली खोळ पातळ प्लास्टिकची अन् आत पाणी खेळणारी, त्यामुळं रेषेच्या वर जेवढं भरीव सामान आहे तेवढ्याच आकारमानाचं पाणी घ्यावं लागतं. नळी रेषेच्या खाली बसवलीस तर १०० मध्ये आरामात होतं.

सिग्नलचं म्हणशील तर २.४ गीगाहर्ट्झ पाण्यात टिकतच नाही, मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण याच फ्रिक्वेन्सीवर चालतो, पाणी ती पिऊन टाकतं. वीत-दीड वीत खाली गेली की संपलं. जुने लोक २७, ४० मेगाहर्ट्झचे सेट म्हणूनच जपून ठेवतात, गोड्या पाण्यात ते चांगले खाली जातात, बोअरच्या खारट पाण्यात कमी. आपल्याकडं २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी पॉवरला बिनलायसन आहे. पण तू आत्ता नवीन काही घेऊ नको. रिसीव्हरची अँटेना पेरिस्कोपच्या नळीत वर काढ, टोक नीट सील कर, पेरिस्कोप बाहेर राहील एवढ्याच खोलीवर चालव. अन् फेलसेफ सेट कर, सिग्नल गेला की सिरिंज पाणी बाहेर टाकेल असा. बरेच रिसीव्हर तो आपण सेट केल्याशिवाय शेवटची कमांडच धरून ठेवतात, तुझी बोट पाणी ओढता ओढता गेली ती त्यामुळंच.

पुढची बोट करशील तर आपल्या नौदलाची कलवरी पाणबुडी कर. ६७.५ मीटर लांब, १:७२ ला ९४ सेंटीमीटर, म्हणजे हीच नळी बसेल बहुतेक. त्याच मालिकेतली खांदेरी २०१९ ला नौदलात आली, शिवाजी महाराजांच्या जलदुर्गाचं नाव.

मूळचा जालन्याचा:
बॅटरी कोणती आहे? काहीही असो, नळी बंद ठेवून चार्ज करू नका. शिशाच्या बॅटरीतून चार्जिंगला हायड्रोजन निघतो अन् बंद नळीत साठला तर ठिणगीचं काम आहे. लिपो (लिथियमवाली) असेल तर ज्या दिवशी आत पाणी आलं त्या दिवशी ती बाजूला काढून उघड्यावर ठेवा, फुगली तर परत वापरू नका.

सेलूचा खटपट्या:
सगळ्यांचे आभार, उशीर झाला लिहायला. काका, शाफ्टला नुसतं पितळी बुशच होतं, लाज वाटली वाचून. ग्रीसची नळी अन् सील टाकलं. नळी पण भर दुपारी पत्र्याच्या शेडमधीच बंद केली होती.

हौदात धरून डोलवली तर शेपटीतून भडाभडा बुडबुडे, मागं चार भोकं पाडली. तरी नाक थोडं जात होतं, मोजलं तर सिरिंज मध्याच्या चार सेंटीमीटर पुढं होती, बॅटरीशी जागा बदलली. ३५ ग्रॅम शिसं कमी केलं. लिपो आहे, ठीक दिसायली, पण बदलणार.

काल सकाळी सातला गेलो, थ्री-वे उघडा ठेवून चहा पिलो, मग बंद केला. पेरिस्कोप बाहेर ठेवून अर्धा तास फिरवली, मुद्दाम दोनदा खोल घातली, सिग्नल गेला, पाच-सहा सेकंदानं स्वतःच वर आली. नळी कोरडी ठाक. मागं दोरी बांधली होती ती शेवटच्या फेरीला पंख्यात गुंडाळली, तेवढं सोडलं तर काही नाही.

मामा काठावर बसून बघत होता. आता म्हणतो हिला कॅमेरा अन् लाइट लाव, विहिरीतल्या फुटव्हॉलला काय अडकलंय ते बघू, दोन महिने झाले मोटार पाणी सोडायली.