खणाच्या कापडाचं पुठ्ठा-कव्हर: गम वर उमटतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईच्या जुन्या पाककृती एका वहीत हाताने उतरवतेय. आतला कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा, शिवण कॉप्टिक टाक्याची; म्हणजे कण्याला कापड लागत नाही, टाक्यांची साखळी उघडीच दिसते आणि वही टेबलावर सपाट उघडते. इथवर झकास जमलंय.

घोडं अडलंय कव्हरवर. आजीच्या चोळीसाठी आणलेला, कधीच न शिवलेला गुळेदगुडचा खण आहे, गडद जांभळा, बारीक बुट्ट्यांचा. नमुना म्हणून त्याचा एक कोपरा पुठ्ठ्यावर नेहमीच्या पांढऱ्या गमने चिकटवला. दहा मिनिटांत गम विणीतून वर आला आणि वाळल्यावर बुट्ट्यांवर चकचकीत डाग राहिले. वर पुठ्ठाही पापडासारखा वळला! (तो बहुतेक माझाच दोष, आतून कागद लावला नव्हता.)

कुणीतरी सांगितलं, आधी कापडाच्या मागे पातळ कागद खळीने चिकटवून वाळव, मग पुठ्ठ्यावर लाव. खळ मैद्याची चालेल का, आणि किती घट्ट? जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे कसरीसाठी. पण ही वही ओट्यापाशी राहणार, त्यामुळे ते विष नको वाटतं. दुसरं काही आहे का?

शिवाय खणाचा रंग ओल्या खळीने सुटेल ही धाकधूक आहेच. आता जेमतेम एका वहीपुरतं कापड उरलंय, म्हणून ज्यांनी खण किंवा इरकल स्वतः चिकटवलंय त्यांनीच प्लीज सांगा.