हायवेचा आवाज बंद करावा तर कूलरचं काय?

हायवेकाठचा: भुसावळला जुन्या सहा नंबर हायवेला (आता ५३) लागून फ्लॅट आहे, दुसरा मजला. रेल्वेच्या भोंग्याची लहानपणापासून सवय, त्याने झोप मोडत नाही, पण हे ट्रक आणि त्यांचे प्रेशर हॉर्न, डोकं उठतं भो. बेडरूमची स्लायडिंग खिडकी नेमकी रोडवर आणि कूलर पण तिच्यातच. मे महिन्यात ४५ डिग्रीला खिडकी लावून कोण झोपेल? कोणी म्हणतं जाड पडदे लाव, कोणी म्हणतं भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटव. होतो का काही उपयोग?

पल्ला_चौकट: ट्रे विसरा. त्याने फार तर खोलीत घुमणारा आवाज कमी होईल, बाहेरचा अडत नाही, आणि ट्रकची घरघर पडद्याला काय जुमानते. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजलेल्या लागतात. स्लायडिंगमध्ये दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथे नुसती ब्रशची पट्टी असते, ती झिजली की संपलं. रात्री लाईट बंद करा, बाहेरून कोणाला तरी मोबाईलचा टॉर्च मारायला लावा, उजेड दिसला तिथून आवाज येतोय समजा. ब्रश बदलून घ्या, चौकट आणि भिंतीमधली फट सिलिकॉनने भरा, फक्त ट्रॅकची पाणी जायची भोकं बुजवू नका नाहीतर पावसाळ्यात पाणी घरात. एवढ्याने नाही भागलं तर आतून दुसरी उघडणारी रबरवाली खिडकी, लॅमिनेटेड काचेची (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली), दोघींमध्ये जमेल तितकं अंतर ठेवून, चार इंच मिळालं तर उत्तम.

धुळेकर: खिडकीवर पैसे घालायच्या आधी कूलर हलवा. कूलरएवढं भोक उघडं ठेवून बाकी काहीही करा, फरक पडत नाही. आमचा आग्रा रोडकडून काढून मागच्या गॅलरीत ठेवला, डक्टने हवा बेडरूममध्ये घेतली. पण हवेला बाहेर पडायला वाट पाहिजे, नाहीतर नुसता दमटपणा. बेडरूमचं दार उघडं आणि किचनची मागची खिडकी थोडी उघडी.

वांग्याचं_भरीत: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. सावद्याहून केळी भरून निघालेल्या ड्रायव्हरला कोण सांगेल ते सांगा फक्त 😄

हायवेकाठचा: @धुळेकर मागे गॅलरी आहे पण मधे हॉल येतो, डक्ट बरीच लांब होईल. एवढ्या लांब हवेला जोर राहतो का, की मोठा कूलर घ्यावा लागेल?

धुळेकर: वळणं कमी ठेवा, डक्ट बारीक करू नका. नाहीतर उन्हाळाभर गाद्या हॉलमध्येच टाका, आमच्याकडे निम्मं घर तेच करतं.